आतल्या बाजूचा बर्फ

डेपोतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी काचवालीचा डोळा पहाटे पावणेसहाला उघडायचा तो उघडायचाच. जित्याची खोड. डेपोतले लोक तिला काचवाली म्हणू लागले तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. नवरा नुकताच गेलेला, मुलगा नऊ वर्षांचा. नवऱ्याच्या जागी नोकरी तर द्यायची, पण बाईमाणसाला बसडेपोत काम काय द्यावं, या विचारात साहेबलोकांनी दोन महिने घालवले आणि शेवटी हातात एक बादली दिली. बत्तीस बसगाड्या, एकेकीला बावीस काचा. "जमेल ना?" असंही वर विचारलं. बायका घरी आयुष्यभर काय करतात असं या लोकांना वाटतं, कोण जाणे. जमलं. सत्तावीस वर्षं जमलं.

त्या गावची थंडी साधीसुधी नव्हती. चार महिने गाड्या रात्रभर उघड्यावर उभ्या राहायच्या आणि सकाळी त्यांच्या काचा भिंतीसारख्या पांढऱ्या व्हायच्या. बर्फ म्हणजे बर्फ, असं आपण म्हणतो. काचवालीला विचाराल तर त्याच्या जाती होत्या. स्वच्छ आभाळाखाली धरलेला बर्फ पिठासारखा, रबराच्या पट्टीने एका फटक्यात निघणारा. पाऊस पडून गोठलेला झाडाच्या सालीसारखा चिवट, खरवडून खरवडून मनगट भरून येणार. आणि एकदा वितळून पुन्हा गोठलेला, तो सगळ्यांत हरामखोर: गुळगुळीत, आरपार दिसल्यासारखा वाटणारा, पण दिसत काही नाही. त्यावर खरवडणी नुसती घसरते. उकळतं पाणी ओतायची अक्कल डेपोतल्या एका नव्या मेकॅनिकने पाजळली होती. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली, आणि काचवालीने त्याला अशा शेलक्या शब्दांत झापलं की पुढे तो चहासुद्धा कोमट प्यायचा, असं म्हणत.

या तिन्हींहून वेगळा होता तो आतल्या बाजूचा बर्फ. रिकाम्या गाडीत तो सहसा धरत नाही. तो धरतो गाडीत रात्री कुणी झोपलं असेल, बसलं असेल तर. श्वासाची वाफ काचेला लागते आणि पहाटेपर्यंत तिची पांढरी पानं उमटतात. बाहेरचा बर्फ आभाळातून येतो, आतला माणसाच्या छातीतून. कुठल्या ड्रायव्हरचं घरी वाजलंय, कुणाला बायकोने दाराबाहेर काढलंय, हे साऱ्या डेपोच्या आधी काचवालीला कळायचं. आणि डेपोचा एक न लिहिलेला कायदा होता: मॅनेजरची फेरी व्हायच्या आत आतली काच पुसून टाकायची आणि तोंडात मिठाची गुळणी धरायची. गाडीत झोपणं म्हणजे नोकरीवर गदा. काचवालीने हा कायदा कधी मोडला नाही. ड्रायव्हर तिला मान द्यायचे तो काही काचा चकचकीत असतात म्हणून नव्हे.

आता घरी एकच गाडी होती, मुलाची, निळी, दहा वर्षांची जुनी. मुलगा ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायचा. कुणाला काय झालंय, पत्ता काय, जवळ कुठली गाडी, पाठव तिला. त्याला साडेसातला निघायचं असे, आणि त्याच्या आधी समोरची, मागची, बाजूच्या चार आणि दोन आरसे असं सगळं काचवाली स्वच्छ करून ठेवायची. दाराशेजारच्या खिळ्यावरची किल्ली घेऊन आत बसायची, कोरड्या फडक्याने काच पुसायची आणि तिच्यावर दाढीचा साबण हलक्या हाताने फिरवायची, म्हणजे गाडी चालू असताना वाफ धरत नाही. सून शाळेत कवायत शिकवायची. तिच्या गळ्यात शिट्टी असायची आणि आवाज घरातही मैदानातलाच.

"आई, तुम्हाला पेन्शन मिळते ना, ती काचा न पुसण्याची मिळते!"

"आणि तुला शाळा सुटल्यावर घरी ओरडायचे वेगळे मिळतात का गं?"

हे रोजचं. यावर मुलगा रोज हसायचा. गेल्या दहा दिवसांत तो हसला नव्हता. दोघी आपापल्या विनोदावर खूश असल्यामुळे ते दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं, हे सांगायलाच हवं.

सोमवारी सकाळी बाहेरचा बर्फ पिठासारखा होता. पाच मिनिटांत निघाला. काचवालीने दार उघडलं, साबणाची वडी हातात घेतली आणि हात तिथेच थांबला. समोरची काच आतून पांढरी होती. ड्रायव्हरच्या बाजूला दाट, शेजारच्या बाजूला विरळ, मागच्या काचेवर जेमतेम. म्हणजे माणूस एक. ड्रायव्हरच्या जागेवर. थराची जाडी बघता तीन-चार तास तरी. इंजिन बंद ठेवून, नाहीतर बर्फ धरलाच नसता.

चोर? पण दारं बंद होती, किल्ली खिळ्यावर होती. मग नवराबायकोचं बिनसलंय का? तिने मान वळवून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. सून अंडी उकडत होती आणि कवायतीच्या आकड्यांच्या चालीवर काहीतरी गुणगुणत होती. भांडलेली बायको अशी गुणगुणत नाही. निदान या घरातली तरी नाही. मनात पाल चुकचुकली.

आणि मग काचवालीने काय केलं? तेच, जे सत्तावीस वर्षं केलं होतं. फडकं घेतलं आणि पुसून टाकलं.

साडेसातला मुलगा बाहेर आला. "झाली का गं काच?"

"झाली."

दाराला हात लावून तो क्षणभर उभा राहिला. काचेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती बादलीतलं पाणी कडेच्या नालीत ओतत होती. तो बसला आणि गेला.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. तेवढ्यात तिने आणखी एक पाहिलं. एरवी रस्त्याकडे पाठ करून उभी राहणारी गाडी त्याने या आठवड्यापासून अंगणाच्या भिंतीकडे पाठ करून लावायला सुरुवात केली होती. झाडून ढीग केलेल्या बर्फात तिची मागची बाजू जवळजवळ टेकलेली. तिथे लावली की स्वयंपाकघराच्या खिडकीतून ड्रायव्हरची जागा दिसत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं, हे सांगायला आता काचवालीची गरज नव्हती.

गुरुवारी तिने आडून विचारलं. सुनेला, मुलाला नव्हे.

"झोपतो का गं तो नीट?"

"मी पडले की दगड, आई. मला काय विचारता?" सून बुटांच्या नाड्या बांधत म्हणाली. "आणि तो हल्ली खालीच झोपतो की, सोफ्यावर. पाठ दुखते म्हणे. तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे," काचवाली म्हणाली. माहीत नव्हतं.

"जाड उशी बदल म्हणते मी, ऐकेल तर शपथ. तुमच्यावर गेलाय. तोंडातून शब्द काढायचा तर चिमटा लागतो."

एरवी काचवालीने याला सव्याज उत्तर दिलं असतं. त्या दिवशी ती उत्तराविना आत गेली, आणि सुनेने वर पाहिलं.

तिला डेपोतले मिशीवाले आठवत होते. मोठ्या मिशांचे, कमी बोलणारे, चौदा नंबरची गाडी चालवणारे. एका हिवाळ्यात त्यांच्या गाडीत अकरा दिवस आतला बर्फ धरला. अकराही दिवस तिने तो पुसला. एकदा ते म्हणालेही होते, "बाई, उपकार आहेत तुमचे." का झोपता इथे, काय झालंय, असं तिने विचारलं नाही. विचारायचं नसतं. बाराव्या दिवशी गाडीच्या काचा आतून पांढऱ्या नव्हत्या, त्यांच्यावरून पाणी ओघळत होतं. तिला वाटलं, बरं झालं, गेले असतील घरी. ती आधी दुसऱ्या गाड्यांकडे गेली. तासाभराने कंडक्टरने दार उघडलं तेव्हा मागच्या लांब सीटपाशी कोळशाची शेगडी होती, खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या, आणि मिशीवाले झोपले होते ते उठले नाहीत. चौकशी झाली. कुणाला काही माहीत होतं का? सगळ्यांनी नाही म्हटलं. तिनेही नाही म्हटलं. अकरा दिवसांचा हिशेब तिने आजवर कुणाला दिला नव्हता, आणि आता मागणारंही कुणी उरलं नव्हतं.

शुक्रवारी पहाटे ती अंगणात आली. समोरच्या काचेवर खरवडणी ठेवली आणि खरवडणी घसरली.

बर्फ गुळगुळीत होता. आरपार दिसल्यासारखा, पण काही न दिसणारा. बॉनेटवर मात्र कालचा पिठासारखा बर्फ कडेकडेने तसाच होता, मधोमध वितळून खड्डा पडला होता. तिने घाईने दार उघडलं. आतली काच कोरडी, स्वच्छ. काही नाही. वाफेचा डागसुद्धा नाही. एखाद्याला वाटलं असतं, सुटलो, आज पोरगं घरात झोपलं. तिला एकदा तसं वाटून झालं होतं.

ती गाडीच्या मागे गेली. सायलेन्सरचं तोंड बर्फाच्या ढिगात रुतलं होतं, आणि त्याच्याभोवती काळी पडलेली एक ढोली तयार झाली होती.

बादली तिथेच राहिली. चौसष्टाव्या वर्षी दारापुढच्या पायऱ्या दोन-दोन चढायच्या नसतात, ती चढली. सोफ्यावर पांघरूण होतं, माणूस नव्हता. मग न्हाणीघरात नळ सुरू झाला आणि त्याचं ते घसा खाकरणं ऐकू आलं, दाढी करताना तो लहानपणी बापाची नक्कल करायचा तेव्हापासूनचं. ती सोफ्याच्या कडेवर बसली. पाच मिनिटं बसली असेल. मग उठली, बाहेर गेली, फडकं पिळून दोरीवर टाकलं, खरवडणी जागेवर ठेवली. काचेला हात लावला नाही.

साडेसातला तो आला. "आई, काच?"

"नाही पुसली."

"बरं नाही का वाटत तुला?"

"मला काही झालेलं नाही. बस आत. मी पण बसते."

"अगं, मला उशीर होतोय..."

"होऊ दे."

लहानपणी हा स्वर ऐकला की तो मुकाट्याने दप्तर उचलायचा. आता बेचाळिसाव्या वर्षी मुकाट्याने आत बसला. ती शेजारी बसली, दार ओढून घेतलं. बाहेरच्या गुळगुळीत थरातून सकाळ पाण्याखालून यावी तशी हिरवट येत होती. त्याने किल्ली फिरवायला हात पुढे केला.

"इंजिन लावू नकोस. काल लावलंस तेवढं पुरे."

त्याचा हात मागे आला.

"थंडी वाजत होती," तो म्हणाला. "पाच-दहा मिनिटं लावलं."

"पाच-दहा मिनिटांत अख्ख्या काचेवरचा बर्फ वितळत नाही. कुणाला सांगतोस? सायलेन्सर ढिगात खुपसलेला, धूर सगळा आत. डेपोत वाढलेलं पोर तू, तुझ्या लक्षात आलं नाही?"

"नाही आलं."

"मग बंद का केलंस?"

"डोकं दुखायला लागलं."

दोघं समोर बघत बसले. थंड काचेवर दोघांच्या श्वासाची वाफ हळूहळू धरू लागली. तो लहान असताना शाळेआधी तिच्याबरोबर डेपोत यायचा आणि अशा काचांवर बोटाने घोडे काढायचा. ती ओरडायची: बोटाचा ओशटपणा राहतो रे, आत्ता पुसलं तरी पुन्हा वाफ धरली की तुझे घोडे परत येतात! त्यालाच त्याची गंमत वाटायची. आता तिच्या डोळ्यांसमोर वाफ दाट होत गेली, आणि तीत काहीतरी उमटू लागलं. घोडे नव्हते. आकडे होते. १६. त्याच्याखाली पुन्हा १६. कडेला, तिरपं, आणखी एकदा. चार दिवस ती बर्फाबरोबर पुसत होती ते हे.

"सोळा काय आहे?" तिने विचारलं.

त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, चालवत असल्यासारखे.

"घर नंबर. टाकीच्या मागे, सोळा नंबर. एका मुलीचा फोन आला होता. वडिलांच्या छातीत दुखतंय. तिने सगळं नीट सांगितलं, आई. रडत नव्हती, घाबरलेली नव्हती. पाण्याच्या टाकीच्या मागची गल्ली, सोळा नंबर. मी गाडी पाठवली."

"मग?"

"जुन्या टाकीकडे पाठवली. नव्या टाकीलाही आता मागे गल्ली झालीय, तिथेही सोळा नंबर आहे. कुठली टाकी, एवढं विचारायचं होतं. दोन शब्द. नाही विचारले. टाकी म्हटल्यावर जुनी, डोक्यात दुसरं आलंच नाही. गाडी तिथे पोचली, दार वाजवत बसली. परत फिरून जाईपर्यंत सतरा मिनिटं गेली." तो थांबला. "ते गेले होते."

काचवाली या गावात जन्मली होती. टाकी म्हणजे जुनी टाकी. भाजीवाल्याला, पोस्टमनला, तिला स्वतःलाही. नवी बांधून वर्ष झालं तरी तिला कुणी नुसतं टाकी म्हणत नव्हतं. तिथे नव्याने राहायला आलेले सोडून.

"मीही जुन्याच टाकीकडे पाठवली असती," ती म्हणाली.

"तू त्या खुर्चीवर बसत नाहीस, आई."

खरं होतं.

"आज बारापर्यंत लेखी द्यायचंय," तो म्हणाला. "साहेब म्हणतात, फोन करणाऱ्याने पत्ता अपुरा दिला असं लिही. खोटं नाही ते, टाकी कुठली हे तिने सांगितलं नाहीच. तेवढं लिही, मिटून जाईल. म्हणजे त्या मुलीला कळेल की तिच्यामुळे..." त्याने तळव्याने डोळे चोळले. "डोळे मिटले की तिचा आवाज येतो. घरात झोपलो की फोन वाजतोय असं वाटतं. इथे निदान वाजत नाही."

"मला सांगायचंस."

तो तिच्याकडे वळला. दहा दिवसांत पहिल्यांदा त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं असेल.

"तुला सांगायचं? तुला पहिल्याच दिवशी कळलं असणार, आतला बर्फ बघून. तुलाच नाही कळणार तर कुणाला कळणार? सोमवारी मी आलो, काच स्वच्छ. मंगळवारी आलो, काच स्वच्छ. तू बादली ओतत होतीस. म्हटलं, आता विचारेल, मग विचारेल."

"कळलं होतं," ती म्हणाली.

"मग?"

मग काय? डेपोचा कायदा, म्हणून सांगणार होती? तो कायदा तिचा पगार नि लोकांच्या नोकऱ्या सांभाळायला होता. तिने तो घरी आणला होता, बादलीबरोबर, सवयीने. तिने त्याला मिशीवाल्यांची गोष्ट सांगितली. शेगडी त्याला माहीत होती, साऱ्या गावाला माहीत होती. अकरा दिवस माहीत नव्हते. तिने अकराही सांगितले, आणि ओघळणाऱ्या पाण्याचा बारावा सांगितला, आणि ती आधी दुसऱ्या गाड्यांकडे गेली तेही सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत.

"आता नीट उत्तर दे," ती म्हणाली. "थंडी वाजली म्हणूनच इंजिन लावलंस ना?"

काचेवरचे आकडे आता खालून ओघळू लागले होते.

"लावलं तेव्हा थंडीच वाजत होती," तो म्हणाला. "नंतर बंद करायला हात उचलत नव्हता. आळस केल्यासारखा. त्याला काय म्हणायचं, मला सांगता येत नाही, आई."

तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. तिचा हात बर्फासारखा होता, त्याचा त्याहून गार.

घराचं दार आपटलं. "अहो! साडेसात केव्हाच वाजून गेले! आई? आई कुठे गेल्या, बादली इथेच टाकून?"

मुलगा दचकला. "तिला नको सांगूस. आज नको. मी सांगेन, दोन दिवसांनी, मीच..."

"मी एकदा गप्प बसले आहे," काचवाली म्हणाली, "आणि या आठवड्यात पुन्हा चार दिवस. माझा कोटा संपला." तिने मागे वळून मागचं दार आतून उघडलं आणि हाक मारली. "अगं ए! इकडे ये. इथे, गाडीत."

सून चपला फटफटवत आली. गळ्यात शिट्टी, हातात अर्धा खाल्लेला पाव. वाकून आत पाहिलं. सासू पुढे, नवरा पुढे, इंजिन बंद, काचा पांढऱ्या. ओठांवर काहीतरी आलं होतं, खास मैदानी आवाजातलं. ते तिने परत आत घेतलं. ती मागच्या सीटवर बसली आणि दार लावून घेतलं.

"काय झालंय?" तिने विचारलं. इतक्या हळू आवाजात ती बोलू शकते हे काचवालीला आज कळलं.

मुलाने सवयीने बाही पुढे ओढली आणि काचेकडे हात नेला, १६ वर. काचवालीने त्याचा हात वरचेवर धरला.

"पुसू नकोस," ती म्हणाली. "तिला आधी बघू दे."